पाच नंबरचं खोकं

माझे वडील म्हणायचे, फादरसमोर पापं सांगताना मधे निदान एक जाळी तरी असते, आपल्या दुकानात तीही नसते. माणूस खुर्चीवर बसतो, मोजा काढतो आणि त्याचं सगळं उघडं पडतं. हेगर्टी बूटवाले, चॅपल स्ट्रीट, चर्चच्या अलीकडचं दुकान. वडिलांनंतर ते मी चालवते. गावात कोणाच्या अंगठ्याला गाठ आलीय, कोणाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलीय, कोणता वकील फाटक्या मोज्यांनी हिंडतो, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. पण दुकानात पाहिलेलं दुकानाबाहेर न्यायचं नाही, हा वडिलांचा नियम. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा झाकला पायसुद्धा.

आता ही गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण जिची आहे तिनेच मला मोकळं केलंय. माझी मैत्रीण गॉबनेट. शाळेत माझ्या बाकावर बसायची आणि दोन माणसांची जागा घ्यायची. आता गावातल्या हॉटेलच्या स्वयंपाकघराची मुख्य आहे. धिप्पाड बाई, हसली की भांडी वाजतात. नवरा कॉन, शाळेची बस चालवतो. चणीने छोटा, टापटिपीचा, सशासारखा गरीब. दोघं रस्त्याने चालले की लोक हळूच हसतात, पण त्या दोघांइतकी एकमेकांची कदर करणारं जोडपं मी पाहिलेलं नाही.

कॉनने लग्नाआधी गॉबनेटला पहिल्यांदा घरी नेलं, तेव्हा वाटेत चिखल होता. तिने दारातच बूट काढले. कॉनची आई हॅना पुढे आली. तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढे पाय असले की दलदलीत रुतायची भीती नाही हो." बास. चहा झाला, केक झाला, सगळे गोड बोलले. पण परतताना बिचाऱ्या कॉनने सहज विचारलं, की तुला नाताळला बूट आणू का, माप काय तुझं. आणि ही बया म्हणाली, "पाच."

तिचं खरं माप साडेसहा. रुंद चवडा.

एकदा पाच म्हटलं म्हणजे पाच. लग्नात पाच नंबरचे पांढरे बूट घालून ही वेदीपर्यंत गेली, आणि लोकांना वाटलं मुलगी भावनेने रडतेय. मग पहिल्या नाताळाच्या आधी कॉन आमच्या दुकानात आला. मी तेव्हा नुकतीच वडिलांच्या हाताखाली लागले होते. "गॉबसाठी पाच नंबर," तो म्हणाला. मी आत गेले, साडेसहाचा जोड काढला, तळव्यावरची नंबराची चिकटपट्टी सोलली, पाच नंबरच्या खोक्यात घातला, फीत बांधली. तो खूश, ती खूश, मी खूश. तेव्हापासून दर नाताळला हेच. यात कोणाचं वाईट झालं असेल तर सांगा.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मात्र प्रकरण गंभीर झालं. गॉबनेटला साखर आहे, हे गावाला माहीत. कॉन तिच्यापासून बिस्किटांचा डबा बसमध्ये लपवून ठेवतो. पण आमच्या गावच्या नर्सने, ब्रीडाने, या वेळी तिचे पाय तपासले. नायलॉनचा बारीक, ताठ दोरा बोटांना टोचून विचारलं, लागतंय का. उजव्या अंगठ्याला लागतच नव्हतं. ब्रीडा तिला दंडाला धरून थेट माझ्या दुकानात घेऊन आली.

"हिला स्वयंपाकघरात घालायला चांगले रुंद बूट दे, डिम्फ्ना," ती म्हणाली. "आणि गॉबनेट, तू ऐक. डिसेंबरभर तू उभीच असणार, ते काही मी थांबवू शकत नाही. पण दुपारी मोजे बदलायचे. रोज संध्याकाळी आरसा घेऊन तळवे बघायचे. गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायची नाही. आणि घट्ट बूट अजिबात नाहीत, चर्चला जायलासुद्धा नाहीत. एक फोड आला आणि तुला कळला नाही, तर अंगठा कॉर्क शहरातल्या इस्पितळात ठेवून यावं लागेल."

"पण दुखत नाहीये ना," गॉबनेट म्हणाली. "मग तक्रार कसली?"

"दुखत नाही हीच तक्रार आहे, बाई."

मी तिला बूट दिले, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड दिले, आणि वर शिव्याही दिल्या, त्या फुकट. आणि खरं सांगते, तिने ऐकलं. हॉटेलात रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीचं नाताळचं जेवण होतं. टर्कीवर टर्की भाजून निघत होत्या. तरी ही दुपारी पिठाच्या पोत्यावर बसून मोजे बदलायची. हाताखालच्या पोरींनी चेष्टा केली तर म्हणायची, राणीसाहेबांची पोशाख बदलायची वेळ झाली, तोंडं फिरवा. मी दोनदा मागच्या दाराने जाऊन तपासणी केली. पाय उत्तम होते.

मग कॉनने घोळ घातला. डिसेंबरात शाळेच्या पोरांना नाटक दाखवायला तो बस घेऊन कॉर्क शहरात गेला. पोरं नाटकात, हा रस्त्यावर. तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेत त्याला बूट दिसले. गडद वाइनच्या रंगाचे, पुढे निमुळते, बारीक पट्टीचे. त्याला वाटलं, दर वर्षी तेच ते हेगर्टीचे काळे-तपकिरी बूट नेतो, या वर्षी बायकोला काहीतरी खास द्यावं. आत गेला आणि ऐटीत म्हणाला, पाच नंबर.

नाताळच्या सकाळी माझा फोन वाजला. पलीकडे गॉबनेट कुजबुजत होती.

"डिम्फ्ना, या वर्षी खोक्यात खरंच पाच आहेत."

"घालू नकोस," मी म्हटलं.

"तो दारात उभा आहे. ब्रश घेऊन त्यांना पॉलिश करतोय. नवीन बुटांना, डिम्फ्ना."

"मग सांग त्याला."

"आज? नाताळच्या दिवशी? इतक्या वर्षांनी?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चर्चमध्ये मी तिच्या मागच्या बाकावर होते. प्रसाद घ्यायला ती पुढे गेली ती पाय न उचलता, घसरत गेल्यासारखी. कॉन बाजूने चालत होता आणि दर दोन पावलांनी तिच्या पायांकडे पाहून हसत होता. मला प्रार्थना सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद असतानाही मी उघडलं, तिचे बूट घेतले आणि चामडं ताणायच्या लाकडी फर्म्यावर चढवले. स्पिरिट चोळलं, स्क्रू पिळला, रात्रभर ठेवले, परत पिळला. चामड्यालाही काही मर्यादा असते. फार तर साडेपाच झाले. त्याच्या पुढे पिळले असते तर टाका उसवला असता. मी तिला म्हटलं, हे नाकापेक्षा मोती जड झालंय. पाय दाखव. तर म्हणाली, पाय ठीक आहेत, अजिबात दुखत नाहीत. मी म्हटलं, मग मी सांगते कॉनला. तेव्हा तिने माझ्यावरच माझ्या वडिलांचा नियम फेकला. "तुझे बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं?" मला राग आला. इतका राग आला की मी तिला दरवाजा दाखवला. पण गप्प मात्र बसले, मूग गिळून. वर्षअखेरीला हॉटेलात नाच होता, कॉनने तिला नाचायला नेलं. तेच बूट.

आणि मग सहा जानेवारी आला. बायकांचा नाताळ. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं काम पुरुषांनी करायचं असतं. स्वयंपाक, भांडी, सजावट उतरवणं, कोंबड्या कोंडणं, सगळं. बायकांनी घराबाहेर पडायचं आणि पाय वर करून बसायचं. बाकीच्या बायका हॉटेलात चहाला जातात. आमच्या गल्लीतल्या मात्र माझ्या दुकानात येतात. मी पुढचा दरवाजा लावून घेते, शेगडी पेटवते, बूट घालून बघायच्या खुर्च्या गोल मांडते आणि प्रत्येकीपुढे कोमट पाण्याचं घमेलं ठेवते. वर्षातून एकदा सगळ्यांचे पाय एकत्र बघते. मला फार आवडतो तो दिवस.

या वेळी आम्ही चौघीच होतो. ब्रीडा, मी, गॉबनेट, आणि ऐंशी पार केलेल्या मिसेस ट्वोमी, ज्यांच्या चहात चहापेक्षा व्हिस्की जास्त असते. मिसेस ट्वोमींनी सगळ्यांत आधी पाय पाण्यात घातले आणि म्हणाल्या, "आमच्या घरी म्हातारा आज बटाटे सोलतोय. सोलून झाल्यावर त्यात बटाटा उरला तर जेवेन म्हणते."

गॉबनेट हसली, पण खुर्चीत बसूनही तिने बूट काढले नाहीत. वाइनच्या रंगाचे. कॉनने दारापर्यंत येऊन निरोप दिला होता, मग घालावे लागले म्हणाली.

"इथे कॉन नाहीये. काढ," मी म्हटलं.

"मला पाण्यात पाय घालायची इच्छा नाही."

"पाणी कोमट आहे, मी कोपर बुडवून बघितलंय," ब्रीडा म्हणाली. "काढ."

"राहू दे ना गं. फ्रूटकेक दे इकडे."

"तुला फ्रूटकेक मिळणार नाही, साखर आहे तुला," मिसेस ट्वोमी म्हणाल्या. "बूट काढ मुली, नाहीतर मी म्हातारी खाली बसून काढीन, आणि मग मला उठवायला चौघं लागतील."

तिने डावा काढला. मग उजवा ओढला. तो लवकर निघेना. निघाला तेव्हा अंगठ्यापाशी मोजा ओला होता, आणि ते पाणी नव्हतं. ब्रीडा गुडघ्यावर बसली, मोजा कात्रीने कापून काढला. अंगठ्याच्या बाजूची कातडी निघालेली, भोवती काळपट जांभळं. पाय घोट्यापर्यंत सुजलेला. वासही होता थोडा.  मला तिला मिठी मारावीशी वाटत होती आणि थोबाडीतही द्यावीशी वाटत होती.

"कधीपासून?" ब्रीडाने विचारलं.

"दुखत नव्हतं," गॉबनेट हळूच म्हणाली. "शपथ."

"आरसा?"

"नाताळापासून बघितलं नाही. बघितलं असतं तर घालता आले नसते."

ब्रीडाने डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना गल्लीच्या टोकालाच, डॉक्टर अजून होते. आत्ताच्या आत्ता घेऊन या म्हणाले. ब्रीडाने जखम धुऊन पट्टी बांधली. आता प्रश्न आला की पायात घालायचं काय. आख्खं बुटांचं दुकान भोवती, आणि त्या सुजलेल्या, पट्टी बांधलेल्या पायात जाईल असं बायकांच्या फळीवर एकही नाही. मी पुरुषांच्या फळीकडे वळले, तेवढ्यात गॉबनेटने माझा हात धरला.

"कॉनला काय सांगू? त्याने किती हौसेने आणले होते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अंगठा जायची वेळ आली आणि हिला काळजी कॉनच्या हौसेची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

तेव्हा दरवाजा वाजला. काचेतून पाहिलं तर कॉनच. अंगात गॉबनेटचा फुलाफुलांचा एप्रन, केसांत पीठ.

"आज बायकांचा दिवस आहे," मिसेस ट्वोमी ओरडल्या. "पुरुषांनी उंबरा ओलांडायचा नाही."

"ओलांडत नाही, मिसेस ट्वोमी. उंबऱ्यावरच उभा राहतो," कॉन म्हणाला. मी दार अर्धवट उघडलं. तो आत बघत नव्हता, खाली स्वतःच्या पायांकडे बघत होता. "मला गॉबला फक्त एक विचारायचं होतं. मी कोंबड्या कोंडायला निघालो. माझे बूट स्वच्छ होते, म्हणून मागच्या दारातले तुझे गमबूट घातले. म्हटलं चवड्यावर चालेन, दोन मिनिटांचं तर काम." त्याने पाय थोडा पुढे केला. "ते मला बसले, गॉब. अगदी नीट. मी सात नंबर घालतो."



"आत जाड मोजे घालते मी," गॉबनेट म्हणाली.

"तेही मनात आलं. म्हणून तू हॉटेलात घालतेस ते बूट बघितले. साडेसहा. मग वर जाऊन कपाट बघितलं. खोकी सगळी पाच नंबरची. आतल्या बुटांवर नंबरच नाही. कोणीतरी चिकटपट्ट्या सोलल्यात."

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतू लागले.

मग कॉनने मान वर केली आणि त्याला तिचा पाय दिसला. पट्टी, सूज, कापलेला मोजा, आणि शेजारी पडलेले वाइनच्या रंगाचे बूट. बस चालवणाऱ्या माणसाला पुढचं सगळं एका नजरेत दिसतं. तो उंबरा ओलांडून आत आला, आणि मिसेस ट्वोमीसुद्धा काही म्हणाल्या नाहीत.

"हे माझ्यामुळे झालं."

"नाही," गॉबनेट म्हणाली. "तुझ्या आईमुळे झालं." आणि मग तिने सगळं सांगितलं. चिखल, दार, दलदल. एवढ्या वर्षांत तिने ते त्याच्यापाशी एकदाही काढलं नव्हतं.

"आई असं म्हणाली?" त्याला काहीच आठवत नव्हतं. "आणि मी कुठे होतो?"

"माझा कोट टांगत होतास. मला वाटलं, तुझ्या आईला नाजूक सून हवी होती. पाय तरी नाजूक आहेत असं तुला वाटू दे. तू तिच्यासारखी बायको शोधत होतास ना. तिचे पाय बघ आणि माझे बघ. ती जाईपर्यंत तिचं माप पाच."

आता मात्र माझ्याने राहवेना. वडील आठवले, त्यांचा नियम आठवला. मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि किटली खाली ठेवली.

"गॉबनेट, ती खोक्याची युक्ती माझी नाही," मी म्हटलं. "बाबांची होती. त्यांनी ती एकाच गिऱ्हाइकासाठी शोधून काढली होती. त्या बाईचा नवरा दर नाताळच्या आधी येऊन पाच नंबर मागायचा आणि बाबा आत जाऊन साडेसातचा जोड पाचच्या खोक्यात घालायचे. मी लहानपणी त्यांच्यासाठी चिकटपट्ट्या सोलायचे. म्हणून तू पाच म्हणालीस तेव्हा मला काय करायचं ते विचारावं लागलं नाही."

"कोण बाई?"

"तुझी सासू."

मिसेस ट्वोमींच्या कपातला चहा सांडला. "हॅना? पाच नंबरची हॅना? अगं, तिने मला आयुष्यभर माझ्या पायांवरून टोमणे मारले."

गॉबनेट आधी हसली. दुकानातली खोकी हलली इतकी हसली. मग हसता हसता रडायला लागली. "म्हणजे तिला माहीत होतं," ती म्हणाली. "ते कसं वाटतं, ते तिला पुरतं माहीत होतं, आणि तरी मला म्हणाली."

"माहीत होतं म्हणूनच म्हणाली असेल," ब्रीडा म्हणाली. "चला, डॉक्टर थांबलेत."

कॉन खाली बसला. पायातले गमबूट काढले, आतून हात फिरवून खडा-बिडा नाही ना पाहिलं, आणि आधी तिच्या डाव्या पायात, मग फार सावकाश उजव्या पायात घातले. "यापुढे तुझे पाय रोज संध्याकाळी मी बघणार," तो म्हणाला. "आरसा-बिरसा काही नको." ब्रीडाने बोट घालून बूट सैल आहे ना ते बघितलं आणि मान हलवली. गॉबनेटला दोन्हीकडून धरून ते दोघं निघाले. बाहेर गारठून पांढरं पडलं होतं आणि कॉनच्या पायात नुसते मोजे. मी म्हटलं, थांब, फळीवर सात नंबरचे पन्नास जोड आहेत. तर म्हणाला, "राहू दे, डिम्फ्ना. टोकापर्यंतच तर जायचंय. ही नाताळभर चालली."

मी दारात उभी राहून त्यांना बघत राहिले. तो मोज्यांवर तुरुतुरु चालत होता आणि ती त्याला रागावत होती, की आता तुला न्यूमोनिया होईल.

अंगठा वाचला. नख गेलं, तीन आठवडे कॉर्कच्या इस्पितळात गेले, आणि त्या काळात हॉटेलात काय प्रतीचं जेवण मिळत होतं ते विचारू नका. आता कॉन रोज संध्याकाळी बस लावून आला की तिचे पाय मांडीवर घेतो आणि दिवा जवळ ओढतो. ती म्हणते, लग्न झालं तेव्हासुद्धा एवढा बघत नव्हता.

उरले ते वाइनच्या रंगाचे बूट. मी म्हटलं, माझ्याकडे दे, कोणीतरी घेईल. गॉबनेटने दिले नाहीत. वसंतात थंडी सरली तशी तिने त्यात माती भरली, पिवळ्या प्रिमरोजची रोपं लावली आणि टेकडीवरच्या कबरस्तानात हॅनाच्या दगडापाशी नेऊन ठेवले. फादरना ते फारसं रुचलं नाही. त्यांनी विचारलं, हे काय, बूट का?

"सासूबाईंचे आहेत, फादर," गॉबनेट म्हणाली. "त्यांचं माप पाच होतं."